पॉइंट नेमका कशाचा मिळतो?

परीक्षा जवळ आली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो तो गेम आधी बंद कर, महिनाभर कम्प्युटरचं तोंडसुद्धा बघायचं नाही. दुसऱ्या पक्षात बहुतेक वेळा परीक्षा देणारं कार्टं एकटंच असतं, आणि ते कुठला तरी व्हिडिओ नाचवत येतं की गेम खेळल्यानी मेंदू तल्लख होतो, एकाग्रता वाढते, सायंटिस्ट लोकांनी सिद्ध केलंय. या दोघांच्या मधे ॲपवाले टपलेलेच, आमचा गेम रोज थोडा वेळ खेळा, मार्क वाढलेच म्हणून समजा. तिघांचंही ऐकून कंटाळलो, म्हणून गेली काही वर्षं या विषयावर जे हाती लागेल ते वाचत सुटलोय आणि घरातल्याच दोन नमुन्यांवर, म्हणजे भाची आणि पुतण्या, नजर ठेवून आहे. मी स्वतः पण गेम खेळतो, त्यामुळे नाक मुरडणाऱ्यांतला नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, घाईत असलेल्यांनी इथूनच निघालं तरी चालेल. गेममध्ये ज्या क्षणी पॉइंट मिळतो त्या क्षणी तुमचं डोकं नेमकं काय करत असतं, ते सुधारतं. बाकीचं सुधारलं तर बोनस, आणि बोनसच्या भरवशावर कोणी परीक्षेला बसू नये.

आता "सायंटिस्टनी सिद्ध केलंय" हे येतं कुठून ते बघू, कारण ते अगदीच हवेतलं नाहीये. २००३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बाव्हेलिए यांचा एक पेपर 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. कधी ॲक्शन गेम न खेळणाऱ्या लोकांचे दोन गट केले, एकाला 'मेडल ऑफ ऑनर' हा बंदूकबाजीचा गेम दिला आणि दुसऱ्याला टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे फिरवून जुळवायचा गेम, रोज एक तास असं दहा दिवस. नंतर मोजलं तर गोळीबारवाल्या गटाची नजर सुधारली होती, म्हणजे स्क्रीनच्या कडेला क्षणभर चमकून गेलेली गोष्ट टिपणं, एकाच वेळी जास्त वस्तूंवर लक्ष ठेवणं, एकामागून एक भराभर येणाऱ्या गोष्टींमधली दुसरी न निसटणं. हे खरंच भारी आहे, मी काही त्याला कमी लेखत नाही. पण यात पाढे कुठे आहेत, व्याकरण कुठे आहे, उतारा वाचून उत्तरं लिहिणं कुठे आहे? प्रश्नपत्रिकेच्या कडेनी क्षणभर चमकून जाणारा प्रश्न मी तरी अजून पाहिला नाही. पेपरमधला निष्कर्ष होता नजरेबद्दल, लोकांच्या तोंडून फिरता फिरता तो झाला मेंदूबद्दल आणि आमच्या घरात पोचेपर्यंत मार्कांबद्दल झाला.

मग ब्रेन ट्रेनिंगची लाट आली. छोटे छोटे गेम, आकडे लक्षात ठेवा, रंग ओळखा, जोड्या लावा, आणि शेवटी एक ग्राफ जो कायम वर वर जातो. ग्राफ वर जातो म्हणजे आपण हुशार होतोय असं वाटणारच की, कोणालाही वाटेल. २०१० मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीनी ११,४३० लोकांवर सहा आठवडे हा प्रयोग केला. ज्या गेमचा सराव केला त्या गेममध्ये लोक सुधारले, अगदी छान सुधारले, आणि त्याच्याशी मिळत्याजुळत्या पण सराव न केलेल्या चाचण्यांमध्ये ती सुधारणा काही उतरली नाही. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननी, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनी, ल्युमोसिटी या ब्रेन ट्रेनिंग ॲपच्या कंपनीला धरलं, कारण जाहिरातीत दावे होते की यानी शाळेत आणि कामावर कामगिरी सुधारेल, वयानुसार होणारा विसराळूपणा लांबेल, आणि त्याला पुरेसा आधार नव्हता. २० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं.

त्याच वर्षी आलेला एक प्रयोग मात्र मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो थोडा खोडकर आहे. जॉर्ज मेसन विद्यापीठात सायरस फोरूगी आणि मंडळींनी दोन प्रकारची पत्रकं लावली. एकावर लिहिलेलं की मेंदूच्या व्यायामानी बुद्धी वाढते, या अभ्यासात भाग घ्या. दुसऱ्यावर नुसतंच की अभ्यासात भाग घ्या, क्रेडिट मिळेल. दोन्हीकडून आलेल्यांना अगदी तेच ट्रेनिंग दिलं, तेही फक्त एक तास. आणि बुद्धी वाढेल या आशेनी आलेली मंडळी नंतरच्या टेस्टमध्ये ५ ते १० आयक्यू पॉइंटच्या तोडीनी वर गेली, बाकीचे होते तिथेच. म्हणजे काम केलं ते पत्रकानी! यात आणखी एक मेख आहे, की अशा पत्रकाकडे ओढली जाणारी माणसंच मुळात वेगळी असू शकतात, पण काही असो, एका तासात बुद्धी वाढत नसते हे तर कोणीही कबूल करेल. त्यामुळे आता कोणी सांगायला आलं की हा गेम सुरू केल्यापासून आमच्या बाळ्याचे मार्क सुधारले, तर मी आनंदानी ऐकतो आणि मनातल्या मनात विचारतो की बाळ्याला तुम्ही आधी काय सांगितलं होतंत.

खरंतर हे सगळं कम्प्युटर यायच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी दाखवलं की एका कामातला सराव दुसऱ्या कामात उपयोगी पडतो तो त्या दोन कामांत जेवढं सारखं असेल तेवढाच. त्या काळी लोकांचा ठाम समज होता की लॅटिन शिकलं की एकूणच डोकं घासून लखलखीत होतं. आज लॅटिनच्या जागी कोडी आणि पझल गेम आलेत, समज तोच आहे. टेट्रिसचंच घ्या ना. सिम्स आणि मेयर यांनी २००२ मध्ये टेट्रिसमध्ये पटाईत लोकांची परीक्षा घेतली, तर टेट्रिसचे आणि टेट्रिससारखे तुकडे मनात फिरवण्यात ते सरस निघाले, आणि जागा-आकारांच्या बाकीच्या चाचण्यांत इतर लोकांसारखेच. इतकं कंजूष असतं हे प्रकरण.

आणि त्या एस. एफ.ची गोष्ट तर सांगायलाच हवी. हा एक साधा कॉलेजचा विद्यार्थी, नोंदींमध्ये फक्त आद्याक्षरं आहेत. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी त्याला आठवड्यातून तीन ते पाच दिवस आकडे ऐकवायला सुरुवात केली, एका सेकंदाला एक आकडा, आणि ऐकून झाले की तसेच म्हणून दाखवायचे. आपल्यासारखाच तो साधारण सातवर अडकायचा. वीसेक महिने, मिळून २३० तासांच्या वर सराव झाला आणि गडी ७९ आकड्यांवर पोचला. ७९! पण कसा, तर तो लांब पल्ल्याचा धावपटू होता, आणि आकडे ऐकू आले की त्यांची तो शर्यतीतली वेळ करून टाकायचा. ३४९२ ऐकलं की त्याच्या डोक्यात तीन मिनिटं एकोणपन्नास पॉइंट दोन, म्हणजे मैलाची जवळजवळ विश्वविक्रमी वेळ. असे गठ्ठे, मग गठ्ठ्यांचे गठ्ठे. मग त्याला आकड्यांच्या जागी अक्षरं दिली, तर स्वारी परत सहाच्या आसपास. म्हणजे स्मरणशक्ती नावाची कुठली टाकी भरत नव्हती, आकड्यांची एक युक्ती तयार होत होती आणि ती अक्षरांना लागू पडेना. मेमरी गेम खेळून पाठांतर सुधारेल या आशेवर असलेल्यांनी हा माणूस कायम लक्षात ठेवावा (आठवला नाही तर निदान ७९ आणि ६ हे दोन आकडे तरी).

इथपर्यंत वाचून पहिला पक्ष खूश झाला असेल, बघ मी म्हणत नव्हतो का. पण थांबा. कारण हाच नियम उलटा धरला तर गेम फार कामाचा निघतो. जेवढं सारखं तेवढं उतरतं ना, मग सारखंच ठेवा की. परीक्षेत जे करायचंय तेच गेममध्ये पॉइंट मिळवण्यासाठी करायला लागलं पाहिजे.

इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शारॉन एन्सवर्थ यांनी अगदी हेच तपासलं होतं, पेपर आला २०११ मध्ये. गेमचं नाव 'झॉम्बी डिव्हिजन', मुलं सात ते अकरा वर्षांची. समोरून सांगाडे चाल करून येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या, आणि तुमच्या हातात वेगवेगळ्या आकड्यांचे वार. ज्या आकड्यानी त्या संख्येला पूर्ण भाग जातो तोच वार केला तर सांगाडा कोसळतो. सत्तावीसवाला अंगावर येतोय आणि तुम्ही दोनचा वार केलात की संपलं. आता गंमत अशी की त्यांनी याच गेमची दुसरी आवृत्ती पण केली, त्यात मारामारी तशीच, पण छातीवरच्या आकड्यांची भानगड नाही आणि भागाकाराची गणितं प्रत्येक लेव्हलच्या शेवटी प्रश्नमंजुषा म्हणून वेगळी. गणित दोन्हीकडे आहे, खेळायचा वेळ सारखा, आणि तरी जास्त शिकली ती पहिली, वार-करणारी मुलं. बाजारात मिळणारे बहुतेक अभ्यासाचे गेम मात्र दुसऱ्या जातीचे असतात. आधी पळा, उड्या मारा, नाणी गोळा करा, मग मधेच एक प्रश्न टपकतो, तो कसाबसा उडवून लावायचा की परत पळायला मोकळे. मुलांना बरोब्बर कळतं की यात गेम कुठला आणि अभ्यास कुठला, आणि ती अभ्यास वगळण्यात तरबेज होतात.

आमच्या पुतण्याचा पाढ्यांचा गेम असाच. चार पर्याय येतात, बरोबर दाबलं की घंटा वाजते आणि एक तारा. मी मागे उभा राहून बघत होतो, पठ्ठ्या फार जोरात चालला होता, धडाधड तारे. मग लक्षात आलं की तो प्रश्न वाचतच नाहीये. चुकलं तर काहीच कापत नाहीत हे त्याला कळलेलं, त्यामुळे बोट डावीकडून उजवीकडे चारही बटणांवरून ओळीनी फिरत होतं, घंटा वाजली की पुढचा प्रश्न. मी म्हटलं अरे सात आठे किती? तर माझ्याकडे असा बघायला लागला की काका मधेच काय काढताय. खरंतर डोकं त्यानी वापरलं होतं, आणि चांगलं वापरलं होतं, फक्त गेम बनवणाऱ्यानी जिथे भोक ठेवलं होतं तिथे. शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या या प्रकारावर रायन बेकर यांनी २००४ पासून बरंच काम केलंय, हिंट वर हिंट मागत उत्तर काढून घेणं किंवा सगळे पर्याय दाबत सुटणं, आणि अशी मुलं कमी शिकतात असंच दिसलंय. मी फार काही केलं नाही, दुसरा एक गेम शोधला ज्यात पर्यायच नाहीत, आकडा टाइप करावा लागतो. पहिले काही दिवस त्याचा स्कोअर असला कोसळला की घरात सुतक. पण आता निदान घंटा वाजते ती सात आठे छप्पन्न आठवल्याबद्दल वाजते.

आठवल्याबद्दल, हे महत्त्वाचं. ओळखणं आणि आठवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि बहुतेक अभ्यास ओळखण्यावर चालतो, पान उघडलं, हे तर येतंय मला, पुढचं पान. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी परत वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे. आठवड्यानी विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. आणि परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते. म्हणून प्रश्नोत्तरांचे गेम, फ्लॅशकार्डवाली ॲप्स, यांच्यात दम आहे असं मला वाटतं, आणि तो दम रंगीबेरंगी चित्रांमुळे नाही तर ते तुम्हाला दिवसातून पन्नास वेळा पुस्तक मिटायला लावतात म्हणून आहे. जे येत नाही ते लवकर परत विचारायचं, जे येतं ते लांबवायचं, ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात पुठ्ठ्याच्या खोक्यांनी सांगितली होती, अंकीसारखी ॲप्स तेच काम आपोआप करतात. बाकी ते स्ट्रीक प्रकरण, म्हणजे एकही दिवस न चुकवता वाढवत न्यायची साखळी, मला पटत नाही. भाचीनी एकदा रात्री झोपेतून उठून दोन सोपी कार्डं केली, का तर साखळी तुटायला नको. त्या दोन कार्डांनी साखळी जगली, बाकी काय झालं?

या सगळ्यात एक उदाहरण आहे जे माझ्या नियमात नीट बसत नाही असं आधी वाटलं होतं. इस्रायली हवाई दलातले शिकाऊ वैमानिक, 'स्पेस फोर्ट्रेस' नावाचा साधासा गेम, दहा तासांचं ट्रेनिंग, आणि नंतर प्रत्यक्ष विमान उडवण्यात ती मुलं न खेळलेल्यांपेक्षा सरस ठरली. डॅनियल गोफर यांचा हा १९९४ चा अभ्यास. गेममध्ये विमान नाही, कॉकपिट नाही, दिसायला काहीच सारखं नाही, मग उतरलं काय? तर त्यांना नुसतं खेळा म्हणून सोडलं नव्हतं. एकदा सांगायचे की आता लक्ष यान सांभाळण्यावर, एकदा सुरुंगांवर, बाकीचं थोडं बिघडलं तरी चालेल. म्हणजे चार गोष्टी एकदम अंगावर आल्या की कशाला किती लक्ष द्यायचं, कशाकडे मुद्दाम दुर्लक्ष करायचं, याचा सराव होता तो, आणि विमानात नेमकं तेच लागतं. सारखेपणा होता, फक्त वरून दिसणारा नव्हता.

मला वाटतं परीक्षेच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. भाची एरवी कुठल्याही गेममध्ये, समोरचा शत्रू आपल्याला झेपणारा नाही हे दोन सेकंदात ओळखते आणि पळ काढते, औषधं गोळा करते, नंतर परत येते. तीच मुलगी टायमर लावून मॉक टेस्टला बसली की पाचव्या प्रश्नाला मिठी मारून बसते. वेळ चाललाय, पुढे सोपे प्रश्न पडलेत, पण हा सुटलाच पाहिजे! मी विचारलं, अगं गेममध्ये सोडतेस ना? तर म्हणे "मामा, तिथे परत येता येतं हे माहीत असतं." मग आम्ही मॉक टेस्टचाच गेम केला, गोफरसाहेबांची पद्धत सरळ ढापून. एका दिवशी पॉइंट बरोबर उत्तरांचे नाहीतच, वेळेवर सोडलेल्या प्रश्नांचे. ठरलेल्या वेळात रस्ता दिसला नाही तर खूण करून पुढे, आणि पुढे गेलीस की पॉइंट. दुसऱ्या दिवशी पॉइंट फक्त खुणा केलेल्यांकडे परत येऊन सोडवलेल्यांचे. तिसऱ्या दिवशी फक्त बावळट चुका न करण्याचे. चौथ्या दिवसापासून नेहमीची टेस्ट. आता ती सोडते. जरा जास्तच सोडते कधी कधी, पण ते बरं.

भीतीचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. परीक्षेची काळजी डोक्यातली तीच जागा अडवते जी गणित करताना आकडे धरून ठेवायला लागते, सायन बाइलॉक यांनी यावर बरंच काम केलंय, आणि २०११ मध्ये जेरार्डो रामिरेझ आणि त्यांनी दाखवलं की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली धास्ती कागदावर उतरवली तर घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारतात. गेममध्ये हरणं इतकं स्वस्त असतं, मेलो, परत सुरू, कोणी बोलत नाही, की माणूस हरण्यातून शिकायला लागतो. सराव परीक्षेला हा स्वस्तपणा देता आला तर कमाई आहे. आणि मग कोणीतरी हुशारी करून त्यात लीडरबोर्ड घालतं, सगळ्या वर्गाची नावं खालीवर, आणि जी मुलं मुळात घाबरलेली आहेत त्यांना रोज एक निकाल. वरच्या पाचांसाठी तो खेळ असतो हो, तळाच्यांना विचारून बघा.

वेळेचा हिशोब तर सगळ्यांना माहीतच आहे पण कोणी बोलत नाही. २०१० मध्ये वाइस आणि सेरांकॉस्की यांनी ज्यांच्या घरी गेम नव्हता अशा ६ ते ९ वर्षांच्या मुलग्यांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला प्लेस्टेशन लगेच दिलं, दुसऱ्याला चार महिन्यांनी. चार महिन्यांनंतर लगेच मिळालेल्यांचे वाचन-लेखनाचे गुण दुसऱ्यांपेक्षा कमी. मेंदूबिंदू सडला नव्हता, शाळेनंतरचा जो वेळ वाचण्यात जायचा तो गेममध्ये गेला, बस. त्यामुळे मेंदूसाठी म्हणून गेम खेळणाऱ्यांना मी सांगतो की मजेसाठी खेळ, निदान खोटं तरी बोलावं लागणार नाही.

आणि एक भोक आहे जे अजून कुठल्याच गेमनी नीट बुजवलेलं मला दिसलं नाही, ते म्हणजे मोठी उत्तरं. कारणे लिहा, चर्चा करा, मत मांडा. गेमला उत्तर झटकन तपासता आलं पाहिजे, नाहीतर घंटा कशावर वाजवणार, म्हणून सगळे अभ्यासाचे गेम घसरत घसरत एका शब्दाच्या उत्तरावर येऊन थांबतात. आणि जिथे लिहायची परीक्षा आहे तिथे एका शब्दाची पंधराशे उत्तरं पाठ असलेलं मूल पहिल्या परिच्छेदातच गार पडतं. भाचीनी यावर स्वतःचाच एक जुगाड काढलाय. मैत्रिणीबरोबर माइनक्राफ्टमध्ये खाणीत उतरायचं, कुदळीनी दगड फोडत राहायचं, आणि हेडफोनवर एकीनी प्रश्न विचारायचा, दुसरीनी पूर्ण उत्तर बोलून दाखवायचं, अडखळली तर सापडलेला हिरा समोरचीचा. तिची आई म्हणते हा अभ्यास नाही. मी दाराबाहेर उभं राहून ऐकलं, तर फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं चालली होती, तिसऱ्या कारणाला मैत्रिणीनी तिला अडवलं की हे तर पहिलंच परत सांगतेयस, आणि हिऱ्यावरून भांडण लागलं.